उंबऱ्याबाहेरचे कपडे

सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेजारी खिडक्या लावून घेत. त्या दिवशी तर सुनेला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. दवाखान्यातून बातमीच तशी आणली होती: सहावा महिना सरत आला तरी बाळाची वाढ मागे पडलेली आणि हिच्या रक्तात शिसं! नवरा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या भट्टीवर कामाला. त्याचे कपडे ही वेडी रोज खोलीतच फडाफडा झटकायची आणि मग धुवायची. ती धूळ हिच्या श्वासातून थेट बाळापर्यंत पोचत होती.

"आधी झटक, मग भिजव, हे मीच शिकवलं गं तुला," सासूबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

मग मात्र पदर खोचून उठल्या आणि मुलाकडे वळल्या. "आजपासून ते कपडे उंबऱ्याच्या आत नकोत. भट्टीवरच अंघोळ करून ये!"

"आई, तिथं नळ कुठाय?" मुलगा कुरकुरला.

"मालकाला मी बघते."

आणि खरंच गेल्या की हो! मालकाच्या दारात अशी काही ठाण मांडून बसल्या की आठवडा उलटायच्या आत नळ आला. घरातला केर काढणं बंद, सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. सुनेची एक गोळी की एक पेला दूध चुकू दिलं नाही. रक्तातलं शिसं उतरत गेलं, तरी पोटाचा आकार बघून सुनेचा जीव टांगणीलाच होता.

मुलगी झाली. चणीनं लहान, पण काय ती किंचाळली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपा, भरेल अंगानं.

"आवाज आजीचाच," सून हसता हसता रडायला लागली. "आई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार तुझे, बाई." सासूबाईंचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "तुझ्या नवऱ्याच्या आधी माझी दोन बाळं गेली. मूठभर जीव. तुझे सासरेही त्याच भट्टीवर होते. सगळे म्हणाले, हिच्या कुशीतच खोट. मीही तेच धरून बसले. परवा डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, शिशानंही झालं असेल. तू तपासून घेतलंस म्हणून कळलं गं."

सुनेनं बाळ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"खोट नव्हती, आई," ती म्हणाली. "घ्या, धरा तिला."