नववी ओळ

मित्रांनो, दवाखान्याच्या औषधखिडकीवर एक संगणक आहे. त्याच्या पडद्यावर उजव्या कडेला जी राखाडी उभी पट्टी दिसते, तो मी. मला स्क्रोलबार म्हणतात. संगणकाच्या जगातल्या वयाने मी आता म्हातारा आहे. पडद्यावर जे मावत नाही ते वर-खाली सरकवून दाखवणे हे माझे एक काम. खाली अजून काही आहे हे न बोलता सांगणे हे दुसरे. पहिले काम सोपे आहे.

मला एका प्रोग्रामरबाईंनी घडवले. लगेच कोड लिहायला न बसता त्या अख्खा एक दिवस औषधखिडकीपाशी स्टूल टाकून बसल्या. तिथे औषधे देणाऱ्या बाईंना सगळा दवाखाना मावशी म्हणायचा. डॉक्टरांची चिठ्ठी आली की मावशी आधी रुग्णाच्या जुन्या नोंदी वाचायच्या आणि मगच औषधाला हात लावायच्या. डॉक्टरांनी कितीही घाई केली तरी ही शिस्त मोडत नसे.

प्रोग्रामरबाईंनी पहिला नमुना पानांचा केला होता. खाली ‘पुढचे पान’ असे बटण होते. ते पाहून मावशींनी नाक मुरडले.

“अहो ताई, पुढचं पान, पुढचं पान करत बसू का मी? बाहेर रांग बघा जरा.”

मग माझी निवड झाली. माझ्या अंगावर एक ठोकळा सरकतो. नोंदी थोड्या असल्या तर तो लांब, भरपूर असल्या तर आखूड. पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. एका आजोबांच्या नोंदी सहाशेवर गेल्या होत्या आणि माझा ठोकळा पार बारीक होऊन बसला.

“ही मुंगी पकडू की आजोबांना औषध देऊ?” मावशी कडाडल्या.

बाईंनी ठोकळ्याला ठरावीक मापाखाली जायची बंदी केली. ओढताना मावशींचा हात जरा बाजूला गेला की ठोकळा टुणकन वर पळायचा आणि वाचन पुन्हा पहिल्यापासून. तीही खोड त्यांनी मोडली. शिवाय चौकटीच्या तळाशी त्यांनी मुद्दाम एक ओळ अर्धवट डोकावू दिली, म्हणजे खाली आणखी आहे हे आंधळ्यालाही कळावे. एकदा मावशी फोनवर बहिणीला म्हणाल्या, “आमच्या इथली पट्टी शहाणी आहे बाई, बरोबर हाताला येते.” पट्ट्यांना अशी शाबासकी फारशी मिळत नाही. मी चार दिवस फुगून होतो.

काही वर्षांनी प्रोग्रामला नवे रूप द्यायचे ठरले आणि एक डिझायनर आला. माणूस वाईट नव्हता. त्याला टापटिपीचा नाद होता, इतकेच.

“हा दांडा कशाला हवा? लपवा त्याला. माउस कडेला नेला की दिसेल. आणि ती अर्धी ओळ? किती गबाळी दिसते!”

“पण मावशींच्या लक्षात येईल ना?” प्रोग्रामरबाईंनी विचारले.

“येईल हो. सगळ्यांच्या येतं.”

बाईंच्या डोक्यावर आणखी तीन कामे होती. त्या “बरं” म्हणाल्या. झाले! माझा केसाएवढा धागा झाला, आणि माउस थांबला की तोही दोन क्षणांत विरून जाई. चौकट बरोबर आठ ओळींची झाली. आठवी ओळ काठाशी इतकी नेटकी संपायची की नोंदी तिथेच संपल्या असे वाटावे. मला राग आला होता, खरे सांगतो. पण आम्हा पट्ट्यांना तक्रार करता येत नाही.

नवे रूप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. बदली डॉक्टरांनी सात वर्षांच्या एका मुलीला तापावर गोळ्या लिहून दिल्या. मावशींनी तिच्या नोंदी उघडल्या. खोकला, पोटदुखी, कान दुखणे, गुडघ्याला खरचटणे, अशा आठ ओळी वाचल्या. कुठेच काही वावगे नव्हते. त्यांनी गोळ्यांची पुडी मुलीच्या आईच्या हातात दिली.

“एक आत्ताच द्या, बाहेर पाण्याचं भांडं आहे.”

मायलेकी गेल्या. पुढची चिठ्ठी घेताना मावशींचा हात माउसला लागला, बाण कडेला सरकला आणि मी उमटलो. नोंदी नऊ होत्या! नवी नोंद वर यायची, त्यामुळे पहिल्या भेटीची नोंद प्रत्येक खोकल्यापडशाबरोबर एकेक ओळ खाली ढकलली गेली होती. मी होतो तेवढा ठळक दिसायचा प्रयत्न केला. मावशींनी डोळे बारीक केले, मला धरले आणि खाली ओढले.

‘ही गोळी देऊ नये. मागे दिल्यावर घसा सुजला, श्वास अडला.’ तीच गोळी.

मावशी ताडकन उठल्या. खुर्ची मागे आपटली. पायांत चपला न घालता त्या धावत सुटल्या. औषधखिडकीपलीकडचे मला काही दिसत नाही. त्यांचा आवाज तेवढा आला, “अहो थांबा! थुंकायला लावा तिला! थुंक बाळ, थुंक!”

मग काहीच ऐकू येईना. माउस थांबलेला होता, म्हणून मी विरलो. माझ्यामागे नववी ओळ तशीच उघडी राहिली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब पाच मिनिटे.

मावशी परत आल्या त्या मुलीचा हात धरूनच. गोळी जिभेवरून बाहेर पडली होती. डॉक्टरांनी तिला तासभर समोर बसवून ठेवले. तिला काही झाले नाही. माझा जीव भांड्यात पडला. मावशी मात्र दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून घेऊन आल्या. “माझे डोळे गेले आता,” एवढेच म्हणाल्या.

प्रोग्रामरबाई डिझायनरला घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो कागद वाचला आणि परत दिला.

“मावशी, तुमचे डोळे शाबूत आहेत. दिसायची गोष्ट मीच लपवली. चूक माझी आहे.”

“माझीही,” डिझायनर खाली मान घालून म्हणाला. “पट्टी आजच्या आज परत आणतो.”

“आणाच,” मावशी म्हणाल्या. “पण ही असली ओळ तिच्या भरवशावर ठेवू नका. वर काढा. कधी हलणार नाही अशी.”

तसेच झाले. मी पुन्हा जाडजूड झालो, सदैव दिसू लागलो. न सोसणाऱ्या औषधांची ओळ चौकटीच्या वर, तांबड्या अक्षरांत कायमची बसली. मी कितीही वर-खाली सरकलो तरी ती जागची हलत नाही.

मित्रांनो, माझ्याकडचे सगळ्यात मोलाचे काम काढून घेतले गेले आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी असे प्रोग्राम बनवेल. तेव्हा मला लपवू नका, एवढे मागणे आहेच. पण जिच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे ती ओळ माझ्या हवाली करू नका. खाली अजून आहे, एवढेच मी सांगू शकतो. ते वाचायला मी कुणाला लावू शकत नाही.