‘कोमे’ म्हणेपर्यंत

मी एक जुना राखणदार कुत्रा आहे. नाव पाको. मित्रांनो, माझा जन्म बोईसरचा, शिक्षण मात्र स्पॅनिशमध्ये झाले. तारापूरच्या एका कारखान्यात यंत्रे बसवायला आलेल्या स्पॅनिश साहेबाने मला पिल्लू असताना गटारातून काढले आणि शिस्त लावली. ‘एस्पेरा’ म्हणजे थांब. ‘कोमे’ म्हणजे खा. हुकमाशिवाय अन्नाला तोंड लावायचे नाही. पाहुणे आले की साहेब मला बिस्किटासमोर बसवी. लोक टाळ्या वाजवत. बिस्कीट आणि मी एकमेकांकडे पाहत असू.

सात वर्षांत यंत्रे एकदाची बसली. साहेबाने माझे डोके कुरवाळले, सवयीने ‘एस्पेरा’ म्हटले आणि त्याची गाडी विमानतळाकडे निघून गेली.

मी थांबलो.

साहेबाच्या बंगल्याच्या गेटवरचे वॉचमन नागोराव नांदेडकडचे. त्यांनी माझ्यापुढे भाकरी ठेवली. "घ्या पाव्हणं." मी नुसता पाहत राहिलो. मग दूधभाकरी आली, मग माहीमचे सुके बोंबील. लाळ गळत होती, हुकूम येत नव्हता. दारचा पाहुणा उपाशी असताना आपण जेवायचे नाही, ही नागोरावांच्या घरची रीत. त्यांनी आपला डबा बंद केला. दुसऱ्या दिवशीही आम्ही दोघे पाण्यावरच होतो. कोण कुणाची राखण करत होते, सांगणे कठीण.

"कुत्र्यासाठी उपास?" त्यांच्या पत्नी नर्मदाबाई फणकारल्या. "मला एवढा आग्रह लग्नापासून केला नाही कधी!"

तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी प्रतीक्षा ‘साहेबाच्या भाषेत सांगून बघू’ म्हणत मोबाइलमध्ये स्पॅनिशचे धडे आणि शब्दकोश घेऊन आली. नागोरावांनी वाचले, "कोमेर! पाव्हणं, कोमेर!"

मी फक्त कान टवकारले.

"बाबा, कोमेर म्हणजे नुसतं ‘खाणे’. आई ‘खाणे’ म्हणाली, तर तुम्ही ताटावर बसाल का?"

"आता बसीन."

"शेवटचा र काढायचा. एस्पेरारचं एस्पेरा. शेवटी ‘ईर’ असेल, तर शिवाय ईचा ए करायचा. सुबीर म्हणजे चढणे. चढ म्हणायचं तर, सुबे!"

मी नागोरावांच्या खुर्चीवर चढलो. नियम बरोबर असल्याची दोघांची खात्री पटली.

नागोरावांनी बोटाने र झाकला. "को... कोमे?"

बोंबील संपले, भाकरी संपली. नागोरावांनी डबा उघडला, डोळे पुसले. "जेवलं गं पाव्हणं!"

मित्रांनो, कुणाला लळा लावून दूर जाणार असाल, तर तो कोणत्या शब्दावर जेवतो, तेवढे शेजाऱ्याला सांगून जा.

आता मी नागोरावांच्या दारात असतो. ते दिवसातून पाच वेळा ‘कोमे’ म्हणतात आणि हुकूम मोडणे माझ्या शिस्तीत बसत नाही. पोट जमिनीला टेकू लागले आहे. ‘खाऊ नको’ कसे म्हणायचे, ते प्रतीक्षाच्या पुढच्या धड्यात आहे. तिला अभ्यासाची घाई करायला लावू नका, ही नम्र विनंती.