शांत बायको

बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली आणि आत अडकलेल्यांच्या नातेवाइकांना शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये आणून बसवलं. त्यांना धीर द्यायला समाजसेविका ताई आली, तेव्हा ती स्वतःच घाबरलेली होती. खिडक्या लावूनही तो उग्र दर्प डोळ्यांना झोंबत होता.

हॉलमध्ये नुसता हलकल्लोळ. आत अडकलेल्या मिस्त्रीची आई ऊर बडवत होती. त्याचा सासरा विनोद करत सुटला होता, "आमचा जावई बर्फात राहून टिकाऊ झालाय हो, नासायचा नाही!" हसत होता तो एकटाच. ताईला त्याचा राग आला नाही. भीती माणसाला काय काय बोलायला लावते, हे तिने पाहिलं होतं.

तिला काळजी वाटली ती मिस्त्रीच्या बायकोची. ती ओल्या फडक्याने बाकं पुसत होती. पुसलेली पुन्हा पुसत होती.

"किती खंबीर आहे बघा पोरगी," कुणीतरी म्हणालं.

ताई म्हातारीला पाणी पाजून वळली, तर बाकापाशी कोणीच नाही. मागचं दार सताड उघडं. ती धावत सुटली.

कारखान्याच्या फाटकाला बांधलेल्या दोरीखालून बाई वाकून आत शिरत होती.

"वहिनी, थांबा!" ताईने तिचं मनगट धरलं.

"आलेच हं. ह्यांना हाक मारून येते." आवाज अगदी रोजचा. त्यानेच ताईच्या अंगावर काटा आला.

'सगळं ठीक होईल' हे शब्द ओठांवर आले होते, ते तिने गिळले. "मलाही खूप भीती वाटतेय," ती म्हणाली. "माझा हात सोडू नका."

बाईने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि ती मटकन खाली बसली.

बऱ्याच वेळाने मास्क लावलेल्या जवानांनी मिस्त्रीला बाहेर आणलं. डोळ्यांवर पट्टी, छातीत घरघर, पण जिवंत. बातमी कळताच हॉलमधली माणसं धावत आली. सासरा ढसाढसा रडला, आईचे ऊर बडवणारे हात जोडले गेले. बायको मात्र "नाही, हे ते नव्हेत," म्हणत मागे सरकली. इतका वेळ आवरलेलं तिचं अंग थडथड उडू लागलं.

ताईने तिला धरून रुग्णवाहिकेत नवऱ्याच्या शेजारी बसवलं. त्याच्याकडे न पाहता ती ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा विचारत होती, "गाडीच्या दाराला कडी लागलीय ना हो? नीट लागलीय ना?"