वरच्या खड्ड्यातली मेंढी

बर्फ पडायला लागला आणि हेस्टरने खुंटीकडे पाहिलं. नवऱ्याचा कोट जागेवर नव्हता. म्हातारा कुठे गेला असणार हे तिला कुणी सांगायला नको होतं. बर्फ आला की क्ली डोंगरावरची मेंढरं कोळशाच्या जुन्या खड्ड्यांत आडोशाला शिरतात आणि त्यांच्या, बेडोजांच्या घरातला पुरुष त्यांना काढायला जातो. फक्त त्यांचा कळप विकून वर्ष होत आलं होतं आणि एनॉकच्या डोक्यात ते काही केल्या राहत नव्हतं. तिला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

ते खड्डे शेकडो वर्षांपूर्वीचे. एक खणायचा, तळाशी चहूबाजूंनी हात पोचेल तेवढा कोळसा काढायचा, वरची माती ढासळायला लागली की तो सोडून शेजारी दुसरा. दुसऱ्याची माती पहिल्यात. आता नुसते वाटोळे, गवत माजलेले खळगे उरले होते. उन्हाळ्यात पुरातत्त्वाचे उत्खननवाले आले, सगळ्यात वरचा खड्डा उकरून पाहिला आणि आतला चर ढासळू नये म्हणून वाळूची पांढरी पोती रचून गेले.

हेस्टर बर्फ तुडवत वर पोचली, तर एनॉक तिथेच होता. गुडघ्यांवर बसून उघड्या हातांनी बर्फ उकरत होता. कोट त्याने एका पोत्यावर पांघरला होता.

"एनॉक, ऊठ! मरायचंय का तुला?"

"ओरडू नकोस, बिचकेल ती. पार गारठलीय गं. ऊबच धरत नाही."

"अरे, ते..." हेस्टर थांबली. त्याचे ओठ निळे पडले होते. "चल घरी. हिला मग नेऊ."

"मेंढी टाकून येऊ? बेडोज आहे मी!"

वाद घालायला वेळ नव्हता. तिने अंगावरची शाल सोडली, पोतं तिच्यात गुंडाळलं आणि दोघांनी ते बर्फावरून ओढत खाली आणलं.

"केवढी जड!" धापा टाकत तो म्हणाला. "गाभण आहे बघ."

त्या थंडीने त्याची छाती भरली ती भरलीच. पोतं चुलीपाशी राहिलं. डॉक्टर पोत्याला ठेचकाळले, तरी हेस्टरने ते हलवू दिलं नाही. पडल्या पडल्या एनॉक रोज विचारायचा, "व्याली का गं?" आणि ती म्हणायची, "अजून अवकाश आहे." व्याली म्हटलं तर हा कशासाठी थांबेल, अशी वेडी भीती तिच्या मनात बसली होती.

पुढे त्याला श्वास घेणंही जड झालं. डोळे मात्र चुलीकडेच. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा तिला ते बघवेना.

"व्याली रे," ती म्हणाली. "जुळी झाली. दोन्ही उभी राहिलीत."

"दूध?"

"पिताहेत."

"मग दार लावून घे," एनॉक म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

दार लावलेलंच होतं. तरी हेस्टर उठली.