परागाचा दाणा

आवडाबाईंनी चष्मा सावरला आणि कॅटलिया ऑर्किडची कुंडी अलगद उजेडाकडे फिरवली. जांभळं फूल अजून ताठ होतं! रात्रभर नवऱ्याशी अबोला धरलेल्या बाई एकदम हरखल्या.

अबोला धरणार नाहीत तर काय! उद्या ऑर्किड मंडळाचं प्रदर्शन. छावणीतल्या या गच्चीवर, उन्हाळ्यात कूलर लावून पोटच्या पोरासारखं जपलेलं झाड त्या पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर मांडणार होत्या. आणि बद्रीनाथरावांनी परवा कुणाला न विचारता त्याच्या एकुलत्या फुलाला दुसऱ्या, पिवळ्या फुलाचा पराग लावला. पराग लागला की कॅटलियाचं फूल एक-दोन दिवसांत मान टाकतं, हे मंडळात कुणालाही ठाऊक होतं.

"अवं, प्रदर्शन होस्तोवर दम निघाला नाय का तुम्हाला?" काल त्या कडाडल्या होत्या.

"पिवळं फूल गळायला झालं होतं," बद्रीनाथराव खाली बघत म्हणाले. "अन् या हाताचा काय भरवसा? माझ्या हातची शेवटची एक जोड लागू दे, नवं बी धरू दे."

कंपनीतले नावाजलेले फिटर ते. आता कंपवातामुळं चहासुद्धा अर्धाच कप घेत, नाहीतर बशीत सांडायचा.

पण मग फूल ताठ कसं? आवडाबाईंनी वाकून आत टॉर्च मारला. पराग जिथं बसायला हवा, ती फुलाच्या गळ्यातली चिकट खळी रिकामी होती. परागाचा पिवळा दाणा खालच्या पाकळीच्या झालरीत अडकला होता. बद्रीनाथरावांचा हात चुकला होता, आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. आता वर येऊन ताजं फूल पाहिलं की कळणार होतं.

आवडाबाईंना संताप आला, नवऱ्याचा, त्या हातांचा, फुलाचासुद्धा. आज एक दिवस नुसतं गप्प बसलं तरी बक्षीस आपलंच होतं. त्यांनी टूथपिकच्या टोकानं दाणा उचलला आणि खळीत दाबून बसवला.

"टाकली का मान?" खालून आवाज आला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "कडा मऊ पडायल्या. तुम्ही नका येऊ वर."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये परीक्षक आले तेव्हा फूल लोंबत होतं. ते पुढच्या कुंडीकडे वळले. मंडळाचे फारूखभाई हळहळले.

"भाभी, इतना अच्छा फूल था!"

"फूल जाऊ द्या, दाणा बसला!" बद्रीनाथराव भेटेल त्याला सांगत होते. "कंप असून बसला! हात गेला नाय माझा अजून."

कितीतरी महिन्यांनी ते असे हसत होते. बक्षीस गेल्याचं आवडाबाईंना वाईट वाटत होतं, आणि त्यांच्याकडे बघून बरंही वाटत होतं.

निघताना फाटकापाशी बद्रीनाथरावांनी हात पुढे केला. दिवाळीपासून स्कूटर आवडाबाईच चालवत.

"चावी दे. आज मी चालवतो."

"रस्त्याला लई गर्दी हाय हो."

"पराग लावणारा हात हँडल नाय धरणार व्हय?"

फारूखभाई कौतुकानं हसले. "दे दो भाभी!"

आवडाबाईंनी पर्स उघडली. चावी वरच होती. त्या बराच वेळ शोधत राहिल्या.