प्रयागनं उठायचं नाही

आमच्या कुहीच्या माणसांना दवाखान्यात भेटायला जाणं म्हणजे बारशाला जाणं वाटतं. सकाळच्या एस.टी.त चढायचं, मुरमुऱ्याचे लाडू बांधून घ्यायचे आणि नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात येऊन आजाऱ्याच्या खाटेभोवती फेर धरायचा. माझं सासर नागपूरचं, म्हणून या सगळ्यांना आवरायचं काम माझ्याकडे.

प्रयाग माझ्या धाकट्या भावाची, मनोहरची बायको. तिच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. चौऱ्याहत्तरच्या थंडीत ऑपरेशन ठरलं आणि आदल्याच दिवशी सगळं घर भेटून गेलं. प्रत्येक वडीलधाऱ्यासाठी ही खाटेवरून उतरली, पाया पडली. आमचे थोरले भाऊ रुपराव, त्यांना सगळे बापूजी म्हणतात, ते तिचे भासरे. भासऱ्यांसमोर धाकट्या भावाची बायको खाटेवर बसत नाही, थेट बोलत तर नाहीच. बापूजी खुर्चीवर होते तोवर ही बाई पदर ओढून भिंतीपाशी उभी. संध्याकाळी तिला असा दम लागला की डॉक्टरांनी ऑपरेशनच रद्द केलं.

"आठवड्यानं पाहू," ते म्हणाले. "आहे ती ताकद ऑपरेशनसाठी राखून ठेवा. पुन्हा दम लागला तर मी हात लावणार नाही, घरी न्यावं लागेल."

घरी नेणं म्हणजे काय, हे आम्हाला कळत होतं.

मनोहर म्हणाला, "आता कोणालेच येऊ नको देऊ, ताई." मी त्याला गप्प बसवलं. माणसांशिवाय प्रयाग सुकून गेली असती. मी दारात स्टूल टाकून बसले आणि नियम केला: आलेल्यानं बोलायचं, प्रयागनं ऐकायचं, आणि पाया कोणी पडून घ्यायचं नाही. एका काकूंचं तोंड वाकडं झालं, ते मी तसंच राहू दिलं.

तो आठवडा मजेत गेला. माझ्या बहिणीनं, मीराबाईनं येऊन प्रयागच्या केसांना तेल लावलं. आमच्या चुलतभावानं, गोविंदानं सरपंचांचं धोतर शेळीनं कसं खाल्लं ते साभिनय सांगितलं. प्रयागचे खांदे हलायला लागले तशी मी डोळे वटारले.

"हसाले काही ताकद नाही लागत, बाई," ती म्हणाली.

"लागते. पडून राय चूपचाप."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी खिडकीतून खाली पाहिलं, तर कडुनिंबाखाली बापूजी. पांढरं धोतर, काखेत छत्री, वर यायचं नाव नाही. मी धावत खाली गेले.

"केव्हाचे उभे आहा? वर काहून नाही आले?"

"मी वर आलो का ते उठते," बापूजी म्हणाले. "मागच्या वेळी माह्याच पायी झालं सारं. तू जाय, तिले सांगजो येऊन गेलो म्हणून."

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, अर्धी टाकून आलेला माणूस, आणि भावजयीला न भेटता परत निघालेला. वर येऊन मी खोटं बोलू शकले नाही, सगळं सांगितलं. प्रयागनं झोपल्या झोपल्याच पदर डोक्यावर ओढला.

"बोलवा त्याईले. मी उठत नाही."

मी पुन्हा खाली जाऊन बोलावल्यावर बापूजी दारात येऊन थबकले. प्रयागचा हात खाटेच्या कडेवर घट्ट आवळलेला मला दिसला. लग्न होऊन आली तेव्हापासूनची सवय तिला उठवत होती आणि ती उठत नव्हती. शेतात दिवसभर राबणारी बाई, पण एवढे कष्ट तिला कधी पडले नसतील.

बापूजींनी खुर्चीकडे पाहिलं आणि छत्री बाजूला ठेवून सरळ फरशीवर मांडी घातली. आमच्या घरचा कर्ता माणूस खाली, आणि धाकटी भावजय वर. नर्स खुर्ची पुढे सरकवायला लागली, तिला मी हातानंच थांबवलं.

आणि प्रयागच बोलली, थेट त्यांच्याशी, पहिल्यांदा.

"तळ्याजवळच्या बांधीचं धान कसं झालं जी?"

"लय चांगलं झालं, माय," बापूजी म्हणाले, आणि आवाज फुटू नये म्हणून पुढे बोलतच राहिले. कापलेल्या धानाचे पुंजणे कुठे रचले, बैल कसा अडून बसला, कोणाच्या कोंबड्या खळ्यात शिरल्या. आमच्या घरी एवढं बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. कडेवरचा प्रयागचा हात हळूहळू सैल झाला. ती ऐकत होती, मधूनच हसत होती, आणि या वेळी मी डोळे वटारले नाहीत. मला दोघांचाही असा अभिमान वाटला की दारातलं स्टूल सोडून साऱ्या धंतोलीला सांगत सुटावं.

बापूजी शेवटच्या एस.टी.साठी निघून गेल्यावर डॉक्टर आले. त्यांनी नाडी धरली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"छान. उद्या सकाळी घेऊ," ते म्हणाले. "आज भेटायला कोणी आलं नव्हतं वाटतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रयागच बोलली.

"आमचे भासरे येऊन गेले, डॉक्टरसाहेब. मी झोपूनच बोलली त्याईच्यासंग."