बिळाची जागा

बीडच्या कॉलेजात त्या वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वन्यजीव संवर्धनाचा नवा पेपर आला, आणि तो घेणाऱ्या मोजक्या पोरांत मुलगी अशी एकटी संस्कृतीच होती. शिरूर कासारजवळच्या एका गावातले मोहनराव, पंचायत समितीचे माजी सभापती, त्यांची ही धाकटी लेक. घरच्यांना वाटत होतं की तिनं कॉम्प्युटर शिकावा. बीडात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि पोरं तिथून शिकून पुण्याला नोकरीला लागत होती. जनावरं राखायला आता डिग्री लागते का, असं मोहनराव चेष्टेनं म्हणाले, पण त्यांनी अडवलं नाही.

पेपर हिरेमठ सर शिकवायचे. प्रत्येकानं आपल्या भागातलं एक जनावर निवडून हिवाळाभर त्याच्यावर काम करायचं, असं त्यांनी सांगितलं. कुणी मोर घेतले, कुणी तलावावरची बदकं. संस्कृतीनं लांडगा घेतला. वर्गात कुजबुज झाली, आणि खरं सांगायचं तर ती व्हावी म्हणूनच तिनं तो घेतला होता.

लांडगे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. गावाच्या वर मोहनरावांचा माळ होता, कुसळाचा आणि मुरमाड. तिथं दर हिवाळ्याला छबुबाईची मेंढरं उतरत. छबुबाई धनगराची म्हातारी. नवरा जाऊन वर्षं झाली होती, आता ती आणि तिचा थोरला बंकट मिळून कळप राखत. माळावर चराई फुकट, आणि बदल्यात मेंढरं मोहनरावांच्या रानात खतासाठी बसवायची, असा जुना व्यवहार होता.

लांडगे कुठं दिसतात हे विचारायला संस्कृती गेली, तेव्हा बंकट बिळाकडेच निघाला होता. त्याच्या खांद्यावर पाचटाचा भारा होता. मुरमात खोल गेलेल्या एका खोंगळीत मादी व्यालेली त्यानं पाहिलं होतं. आत धुरी द्यायची आणि तोंड दगडानं बुजवायचं, म्हणजे काम झालं. मेंढपाळ असंच करत आले होते.

संस्कृतीनं त्याला थांबवलं. माझा अभ्यास होईपर्यंत तरी राहू द्या, पिल्लं मोठी झाली की लांडगे आपोआप पांगतील, असं तिनं छबुबाईला समजावलं. लांडगा किती कमी उरलाय तेही सांगितलं. वर्गातलं सगळं तिला पाठ होतं.

छबुबाईनं तिच्याकडं बघितलं, मग खाली गावात मोहनरावांच्या घराकडं बघितलं.

"तुमी म्हणता तर राहू द्या, ताई."

बंकटनं भारा खाली टाकला. संस्कृतीला इतका आनंद झाला, की आपण पहिल्याच फटक्यात दोन माणसं पटवली, असं तिनं सरांना दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं.

मग ती दर शनिवारी एसटीनं गावी यायची आणि समोरच्या टेकाडावर बोरीच्या झुडपाआड बसायची. थंडी ओसरू लागली तशी पिल्लं बाहेर येऊ लागली. मोठाल्या कानांची, मातकट रंगाची, एकमेकांच्या शेपट्या ओढणारी. बाप लांडगा पोटात घास घेऊन यायचा आणि त्यांच्यापुढं ओकून टाकायचा. संस्कृतीनं आजवर पाहिलेल्या कशाशीच त्याची तुलना नव्हती. पिल्लांसाठी तो घास कुठून येतो, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पण तिनं तो लांबवला. ससे असतील, असं ती मनाशी म्हणायची. छबुबाईची एक-दोन कोकरं गेल्याचं कानावर आलं होतं. त्यावर ती काही बोलली नाही, आणि छबुबाईनंही विषय काढला नाही.

पुढं मादीनं जागा बदलली. एका संध्याकाळी एकेक पिल्लू तोंडात धरून तिनं ओढ्याकडच्या बाभळीच्या बनात नेलं. हे फक्त संस्कृतीनं पाहिलं.

आणि त्यानंतरच्याच आठवड्यात लांडगे मेंढरं कोंडायच्या वाडग्यात शिरले. संस्कृती सकाळी पोचली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. भेदरलेली मेंढरं एका कोपऱ्यात दाटली होती आणि लांडग्यांनी सापडेल तिचा गळा फोडला होता. खाल्ली होती थोडीच. गाभण मेंढ्या पडल्या होत्या, राखणीचं कुत्रं फाटलेलं होतं. छबुबाई मेलेल्या जनावरांमधून फिरत होती आणि एकेकीचं तोंड आपल्याकडं वळवून पाहत होती. संस्कृतीला पाहून तिनं सुनेला सांगितलं, ताईला बसायला घोंगडी दे. शिव्या दिल्या असत्या तर संस्कृतीला त्या सोसल्या असत्या. त्या घोंगडीवर मात्र तिला बसवेना.

परत जाताना बंकट तिला फाट्यावर गाठायला आला. बराच वेळ तो एसटी येते का तेच बघत राहिला.

"ताई, जुनं बीळ रिकामं हाय, लांडग्यांनी जागा बदललीय. तुमाला म्हाईत हाय ती."

"छबुबाईनं पाठवलंय का तुला?"

तो बोलला नाही. संस्कृतीनं त्या गप्प राहण्याचा अर्थ होय असा घेतला. त्या घटकेला तिच्या डोळ्यांपुढं पिल्लं आली नाहीत. आली ती तोंड वळवून बघणारी छबुबाई. आपल्याजवळ देण्यासारखं एवढंच आहे, ते देऊन टाकलं तर छातीवरचा दगड तरी हलेल, असं तिला वाटलं.

"ओढ्याकडच्या बनात. पडलेल्या बाभळीच्या खाली," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती गेली तेव्हा बाभळीचं खोड काळं पडलेलं होतं आणि बिळाच्या तोंडात दगड ठासलेले होते. ते काढायचा तिला धीर झाला नाही. पलीकडच्या बांधावर मादी उभी होती, भर उन्हात, माणूस दिसूनही न पळता. संस्कृतीच उठून निघाली.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. तिचं काम त्यांना फार आवडलं. पिल्लं किती वेळ खेळतात, आईबाप पाळी कशी लावतात, सगळं त्यांनी खोदून विचारलं. शेवटी त्यांनी विचारलं, मग पिल्लांचं पुढं काय झालं?

"मोठी होऊन टोळीबरोबर गेली, सर."

तिला सगळ्यांत जास्त मार्क पडले. हिरेमठ सरांनी पेढे आणले. तो पेढा तिनं हातात धरला आणि घाम आलेल्या तळव्यात त्याचा चिखल झाला.

परीक्षा संपल्यावर ती छबुबाईला शोधत निघाली. कळप माळावर नव्हता. चौसाळ्याकडं हायवेलगतच्या रानात सापडला. कळप कसला, मूठभर मेंढरं उरली होती. संस्कृतीनं बसल्या बसल्या सगळं सांगितलं: जागा मीच दाखवली, तुम्ही बंकटला पाठवलंत म्हणून दाखवली.

छबुबाईचा हात तंबाखू मळता मळता थांबला.

"म्या न्हाई धाडलं त्याला. आमी तर तवाच हिकडं याचं ठरिवलं होतं. त्यो रागात गेलता. काय उपेग झाला मारून? गेलेली मेंढरं आली व्हय माघारी?"

म्हणजे पिल्लं मेली, ती कुणाच्याच कामी आली नव्हती. संस्कृतीला रडू फुटलं. तुम्ही पहिल्याच दिवशी मला 'नाही' असं का म्हणाला नाहीत, असं तिनं कसंबसं विचारलं. हे विचारताना तो दोष छबुबाईच्या पदरात टाकल्यासारखा झाला, हे तिचं तिलाच कळलं.

छबुबाई चिडली नाही. "तुमच्या वडलांच्या माळावर आमची मेंढरं चरत व्हती, ताई. मोहनरावांच्या लेकीला न्हाई कसं म्हणणार मी?"

बीडला आल्यावर ती तडक हिरेमठ सरांच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून ठेवला. पिल्लं मारणं हा गुन्हा आहे, कुणी मारली, असं त्यांनी विचारलं.

"जागा मी सांगितली. दुसरं नाव मी घेणार नाही."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "मार्क आता माझ्या हातात राहिले नाहीत. पण पुढच्या वर्षीची पोरं हेच काम करायला माळावर जाणार आहेत. त्यांना तू सांगशील?"

जुलैत तिनं सांगितलं. पिल्लांचं सांगितलं, परीक्षकांपुढं खोटं बोलल्याचंही सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मग तुम्ही काय करायला पाहिजे होतं? संस्कृतीनं तयारी करून आणलेलं उत्तर होतं, ते तिला देववलं नाही. समोरच्याला नाही म्हणता येईल असं मी विचारायला पाहिजे होतं, आणि तसं कसं विचारतात ते मला अजून येत नाही, एवढं म्हणून ती खाली बसली.

ही गोष्ट फिरत फिरत शिरूरच्या बाजारात मोहनरावांच्या कानावर गेली. लेकीनं घरची अब्रू वेशीला टांगली म्हणून ते महिनाभर बोलले नाहीत. छबुबाईला बोलावून घ्या, ती सांगेल त्या अटीवर तिला माळ द्या, असं संस्कृतीनं म्हटलं, तेव्हा त्यांना खरोखरच नवल वाटलं. "का म्हून? तिनं कधी न्हाई म्हटलं व्हय मला?"

संस्कृती एम.एस्सी.ला औरंगाबादला गेली. त्या हिवाळ्यात छबुबाई आली नाही. मोहनरावांनी माळावर दुसरा कळप उतरवला. सुट्टीत ती वर गेली. नव्या मेंढपाळाच्या बायकोनं लगबगीनं घोंगडी टाकली, चहा ठेवला, आणि मोहनरावांच्या लेकीला काय हवंय म्हणून उभीच राहिली. काही नको, असं संस्कृती दोनदा म्हणाली. तरी ती बाई काही बसेना.